अँप्लिफायर का घुमतो?

आमच्या शहापुरातल्या घरी माडीवर आजोबांची एक खोली आहे. त्या खोलीत तबकड्यांचे एक कपाट, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन उंच स्पीकर आणि १९७९ साली पुण्याहून आणलेला एक अँप्लिफायर एवढेच सामान आहे. रात्री जेवणे आटोपली, गल्लीतली वर्दळ थांबली की आजोबा एक तबकडी लावतात आणि दिवा मालवून ऐकत बसतात. हा त्यांचा क्रम माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मनात आले, की या तबकड्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. मी शेजारच्या खोलीतला संगणक एका लांब वायरीने अँप्लिफायरला जोडला. जोडणी बरोबर झाली, पण त्या रात्रीपासून स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा एक खालच्या पट्टीतला आवाज येऊ लागला. आजोबा म्हणाले, "अरे, मन्सूर आलाप करतायत आणि खाली कुणीतरी जातं फिरवतंय!"

आठ दिवस वाट पाहून आम्ही एका कारागिराला बोलावले. त्याने अँप्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर कापली आणि प्लग पुन्हा लावला. घूंकार एकदम थांबला. "दोन मिनिटांचं काम होतं," असे म्हणून तो पैसे घेऊन गेला. आम्ही सगळे खूश झालो. आपण काय केले आहे हे आम्हाला पुढच्या पावसाळ्यात कळले. ती हकीकत यथावकाश येईलच. परंतु ती नीट समजण्यासाठी स्पीकरमधल्या या नको असलेल्या आवाजांचे मूळ कोठे असते हे आधी पाहिले पाहिजे. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली बरीच प्रकरणे या एका पेटीत एकत्र भेटतात, असा माझा अनुभव आहे.

दोन आवाज, दोन कुळे

कोणताही अँप्लिफायर चालू करा, गाणे लावू नका, आणि व्होल्यूम वाढवून स्पीकरला कान लावा. दोन प्रकारचे आवाज ऐकू येतील. पहिला पिंपळाच्या पानांसारखा, किंवा दूरच्या धबधब्यासारखा. त्याला ठरावीक सूर नाही. त्यात सर्व पट्ट्यांचे आवाज एकत्र मिसळलेले असतात. त्याला आपण सळसळ म्हणू. दुसरा 'घूंऽऽ' असा, ज्याचा सूर पेटीवर शोधून काढता येतो. त्याला कारागीर 'हमिंग' म्हणतात. आपण त्याला घुमणे म्हणू.

या दोहोंत सूर असणे किंवा नसणे एवढाच फरक नाही. घुमणे हे परके आहे. ते विजेच्या तारांतून, ट्रान्स्फॉर्मरमधून किंवा जोडणीच्या चुकीतून येते. म्हणून ते शोधून जवळजवळ संपूर्ण घालवता येते. सळसळ ही घरचीच आहे. ती अँप्लिफायरच्या प्रत्येक भागात, पदार्थाच्या स्वभावातच आहे. ती कमी करता येते, पण शून्य करता येत नाही. कोणता आवाज कोणत्या कुळातला हे ओळखता आले, तर अर्धी दुरुस्ती झाली असे समजावे.

सळसळ : पत्र्यावरचा पाऊस

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांना १८२७ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले बारीक कण सतत इकडेतिकडे हलताना दिसले. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली त्याचे गणित मांडले : पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत धडपडत असतात आणि त्यांच्या धक्क्यांनी कण हलतात. तारेतल्या किंवा रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांचेही तसेच असते. रेझिस्टर नुसता टेबलावर पडलेला असला, त्याला बॅटरी जोडलेली नसली, तरी त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सैरावैरा धावत असतात. एखाद्या क्षणी एका टोकाकडे थोडे अधिक जमतात, दुसऱ्या क्षणी दुसऱ्या टोकाकडे. त्यामुळे दोन टोकांच्या दरम्यान एक अत्यंत लहान, सतत बदलणारा विद्युत्दाब निर्माण होतो.

हा दाब अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र सिद्ध केले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा, की दोघांचाही जन्म स्वीडनमधला. नायक्विस्ट यांचे सूत्र सांगते, की या दाबाचा वर्ग हा तापमान, रोध आणि आपण ऐकत असलेल्या कंप्रतांचा पट्टा या तिन्हींच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. त्याला बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या चौपटीने गुणले की झाले.

आकडे घालून पाहू. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्व्हिन. रोध १०,००० ओहम. आणि माणसाच्या कानाचा पट्टा २०,००० हर्ट्झ. उत्तर येते सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या दुपटीहूनही थोडे कमी. इतका क्षुद्र दाब कोणाला ऐकू येणार, असे वाटेल. पण आता समजा, हा रेझिस्टर मायक्रोफोनच्या इनपुटवर आहे. मायक्रोफोनचे ५ मिलिव्होल्ट स्पीकरपर्यंत २० व्होल्ट व्हावेत, यासाठी अँप्लिफायर त्यांना ४,००० पट वाढवतो. तो बिचारा आपला-परका ओळखत नाही. सळसळही ४,००० पट वाढवतो. १.८ मायक्रोव्होल्टचे ७ मिलिव्होल्ट होतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्यांची शक्ती सुमारे साडेसहा मायक्रोवॉट भरते. एका वॉटला एक मीटर अंतरावर ९० डेसिबेल आवाज देणारा स्पीकर घेतला, तर या शक्तीचा आवाज सुमारे ३८ डेसिबेल होतो. रात्रीच्या निवांत खोलीत साधारण ३० डेसिबेल आवाज असतो. म्हणजे एका लहानशा रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांची धडपड खोलीत चक्क ऐकू येते. रेणूंच्या उष्णतेच्या हालचाली कानांनी ऐकण्याचा याहून सोपा प्रयोग मला तरी ठाऊक नाही.

सळसळीचा दुसरा उगम जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ साली दाखवला. वीजप्रवाह आपल्याला नदीसारखा अखंड वाटतो. वस्तुतः तो सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो आणि व्हॉल्व्हमधून किंवा ट्रान्झिस्टरच्या सांध्यातून जाताना ते एकेक करून, अनियमितपणे उडी घेतात. आपल्याकडे आषाढात पत्र्याच्या छपरावर पाऊस पडतो तेव्हा एकेका थेंबाचा आवाज वेगळा कळत नाही. सगळ्यांचा मिळून एक सलग आवाज होतो. ट्रान्झिस्टरमधली सळसळ नेमकी याच जातीची असते.

या माहितीचा व्यवहारात उपयोग काय? पहिला असा, की सळसळीच्या बाबतीत अँप्लिफायरचा पहिला टप्पाच निर्णायक असतो. पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये जी सळसळ मिसळते ती पुढचे सर्व टप्पे वाढवीत नेतात. शेवटच्या टप्प्यात मिसळलेली सळसळ वाढायला पुढे कोणी उरत नाही. हॅराल्ड फ्रिस यांनी १९४४ साली रेडिओ-ग्राहकांसाठी हे गणिताने मांडले. म्हणून चांगल्या बनावटीच्या अँप्लिफायरमध्ये इनपुटजवळ धातूच्या पातळ थराचे रेझिस्टर आणि निवडक ट्रान्झिस्टर वापरतात. जुन्या पद्धतीच्या कार्बनच्या कांडीतून प्रवाह गेला, की कार्बनच्या कणाकणांमधल्या कच्च्या स्पर्शामुळे नायक्विस्टच्या सूत्राहून अधिक सळसळ निर्माण होते.

दुसरा उपयोग असा, की इनपुटवरचा रोध कमी ठेवला की सळसळ कमी होते. पण रोध शंभरपट कमी केला तर सळसळ दहापटच कमी होते, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. तापमान कमी करून घरात काहीच साधत नाही. २७ अंशांवरून ७ अंशांवर आणले तरी सळसळ साडेतीन टक्क्यांनीही कमी होत नाही, कारण मोजायचे ते केल्व्हिनमध्ये. रेडिओ दुर्बिणींचे ग्राहक द्रवरूप हेलियमने थंड करतात ते यासाठीच.

आणि कधीकधी सळसळ अँप्लिफायरची नसून मूळ ध्वनिमुद्रणातलीच असते. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते आणि तिच्यावरचे चुंबकीय कण संख्येने मर्यादित असतात. म्हणून कॅसेट सळसळते. रे डॉल्बी यांनी १९६८ साली घरगुती यंत्रांसाठी काढलेल्या पद्धतीत मुद्रणाच्या वेळी नाजूक, उंच पट्टीचे आवाज मुद्दाम वाढवून ठेवतात आणि वाजवताना तितकेच खाली आणतात. खाली आणताना फितीची सळसळही खाली येते.

सळसळीला तुच्छ लेखू नये, असे सांगणारी एक सत्यकथा येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. न्यू जर्सीतील होमडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ साली आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक जादा सळसळ ऐकू येऊ लागली. अँटेना कोठेही वळवली तरी ती तेवढीच. त्यांनी सांधे तपासले, अँटेनात राहणारी कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा साफ केली. सळसळ गेली नाही. ती विश्वाच्या आरंभापासून उरलेली उष्णता होती. या शोधाला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सळसळीचा एकेक उगम मोजून वजा करण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती, म्हणून उरलेली सळसळ त्यांना परकी म्हणून ओळखता आली.

घुमणे : पन्नासचा सूर आणि शंभरचा सूर

आता दुसऱ्या कुळाकडे वळू. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. अँप्लिफायरमधल्या ट्रान्झिस्टरांना मात्र एकाच दिशेने वाहणारी स्थिर वीज हवी असते. म्हणून ट्रान्स्फॉर्मर आधी दाब कमी करतो, मग डायोडांचा पूल उलट्या दिशेच्या लाटा सुलट करतो. त्यामुळे एका आवर्तनाच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच बाजूला येतात आणि सेकंदाला १०० उंचवटे तयार होतात. हे उंचवटे सपाट करण्याचे काम मोठ्या कंडेन्सरचे.

कंडेन्सर म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, पण घरात ते दिवसभर वापरले जाते. टाकी मोठी असेल तर पातळी फारशी खालीवर होत नाही. हिशेब सोपा आहे : अँप्लिफायर १ अँपियर प्रवाह घेत असेल, कंडेन्सर ४,७०० मायक्रोफॅरडचा असेल आणि दोन उंचवट्यांमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग जात असेल, तर तेवढ्या वेळात दाब सुमारे २ व्होल्टनी खाली येतो. चांगल्या मांडणीत एवढी चढउतार स्पीकरपर्यंत पोहोचू देत नाहीत. परंतु असे कंडेन्सर रासायनिक द्रवाचे असतात. वीसतीस वर्षांत, विशेषतः उष्णतेने, तो द्रव सुकत जातो. टाकीत गाळ साचावा तशी कंडेन्सरची धारकता घटते. ती निम्मी झाली की चढउतार ४ व्होल्टची होते, आणि अँप्लिफायर १०० हर्ट्झच्या सुरात घुमू लागतो.

यावरून एक सुरेख निदान करता येते. घुमण्याचा सूर १०० हर्ट्झचा असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. ५० चा असेल तर वीज बाहेरून कोठून तरी, सुलट होण्यापूर्वीच्या रूपात, आत शिरत आहे असे समजावे. पेटी वाजवणाऱ्याला हे कानाने कळते : पांढरी पाचचा खालचा सूर ९८ हर्ट्झचा, म्हणजे शंभरच्या अगदी जवळचा, त्याच्याही खालच्या सप्तकातला ४९ चा.

गाणे ऐकणाऱ्यांना हे घुमणे इतके का खुपते, याचेही उत्तर या आकड्यांतच आहे. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर त्याची कंप्रता १३८.६ असते, तीव्र मध्यम १९५ च्या आसपास आणि पंचम २०८ च्या आसपास येतो. शंभरच्या घुमण्यात त्याची दुप्पट, म्हणजे २०० हर्ट्झचा सूरही मिसळलेला असतो. तो या दोन स्वरांच्या मधल्या फटीत बसतो. तो धड मध्यम नव्हे, धड पंचम नव्हे. गायिकेचा षड्ज पांढरी पाच, म्हणजे १९६ चा असेल, तर २०० चा सूर त्याच्याशी झगडून सेकंदाला ४ ठोके निर्माण करतो. जमलेल्या तंबोऱ्याशेजारी एक बेसूर तंबोरा कोणीतरी अखंड छेडत बसावे, असा हा प्रकार असतो. आजोबांना जाते ऐकू आले ते काही उगीच नव्हे.

वीज आत कशी शिरते?

बाहेरून येणारे घुमणे तीन वाटांनी येते. पहिली वाट विद्युत्क्षेत्राची. भिंतीतल्या तारा आणि इनपुटची वायर यांच्यात हवेचा एक लहानसा कंडेन्सर आपोआप तयार होतो. मोकळ्या इनपुटच्या टोकाला बोट लावले की स्पीकर ओरडतो, कारण आपले सबंध शरीर अशा वेळी अँटेना बनते. यावर उपाय म्हणजे तांब्याच्या जाळीचे कवच असलेली वायर. तिचे कवच नीट जोडलेले असले की हा रस्ता बंद होतो. अशी वायर वापरूनही घुमणे आले तर बहुधा कवचाचा टाका सुटलेला असतो.

दुसरी वाट चुंबकीय क्षेत्राची. ट्रान्स्फॉर्मरभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ जाळीतून सहज पलीकडे जाते. येथे अंतर हाच उत्तम उपाय. ट्रान्स्फॉर्मरपासूनचे अंतर दुप्पट केले की क्षेत्र साधारण आठपट कमी होते. ट्रान्स्फॉर्मर थोडा फिरवूनही पुष्कळ फरक पडतो. आणि कडीच्या आकाराच्या ट्रान्स्फॉर्मरचे क्षेत्र मुळातच कमी बाहेर सांडते. रेकॉर्ड प्लेअर अँप्लिफायरच्या अगदी डोक्यावर ठेवू नये तो यासाठी. तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या प्रमाणानुसार अँप्लिफायर ते पुन्हा वाढवतो. १,००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा सूर तेथे सुमारे सातपट वाढतो. त्यामुळे पिकपच्या वायरीत शिरलेले थोडेसे घुमणेही मोठे होऊन बाहेर पडते.

तिसरी वाट सर्वांत फसवी. तिला आपण अर्थचा वेढा म्हणू.

अर्थचा वेढा

तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पिन यंत्राच्या धातूच्या पेटीला जमिनीशी जोडते. आमचा अँप्लिफायर माडीवरच्या एका सॉकेटवर होता आणि संगणक शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या सॉकेटवर. दोन्ही यंत्रांच्या पेट्या आपापल्या अर्थने जमिनीला जोडलेल्या होत्या. मी त्यांच्यात आवाजाची वायर टाकली आणि तिच्या कवचाने दोन पेट्या एकमेकींना जोडल्या. अँप्लिफायर, कवच, संगणक, भिंतीतली अर्थची तार आणि पुन्हा अँप्लिफायर असा एक बंद वेढा तयार झाला.

पुस्तकात जमिनीचा दाब शून्य मानतात. घरात दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. कारण त्या तारांतून निरनिराळ्या यंत्रांचा थोडाथोडा प्रवाह वाहत असतो. शिवाय वेढ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्रही त्यात दाब निर्माण करते. फॅरडेचा नियम तोच. या दाबामुळे कवचातून प्रवाह वाहतो. समजा, तो १० मिलिअँपियर आहे आणि कवचाचा रोध ०.१ ओहम आहे. कवचाच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. अँप्लिफायर गाण्याचा दाब मोजतो तो कवचाच्याच संदर्भाने. म्हणून हा १ मिलिव्होल्ट गाण्यात मिसळतो. संगणकाचे गाणे ३०० मिलिव्होल्टचे असेल तर घुमणे त्याच्याखाली जेमतेम ५० डेसिबेल राहते. आलापातल्या शांत जागी ते स्पष्ट ऐकू येते.

आता कारागिराने काय केले ते कळेल. त्याने अँप्लिफायरची अर्थ कापली आणि वेढा एका जागी तोडला. प्रवाह थांबला, घुमणे थांबले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याचे निदान अगदी बरोबर होते. चुकली ती तोडण्याची जागा.

पावसाळ्यातली हकीकत

पुढच्या जुलैत संगणक बिघडला म्हणून मी तो उचलून दुरुस्तीला नेला. जाताना अर्थातच आवाजाची वायर काढली. त्याच आठवड्यात एका रात्री आजोबांनी व्होल्यूमच्या धातूच्या बटणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "झिणझिण्या येतायत रे," म्हणाले. पाऊस चार दिवस लागलेला होता, फरशी ओलसर होती आणि ते अनवाणी होते.

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या सरांना हे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "प्लगला अर्थ आहे का?" मी कारागिराची युक्ती कौतुकाने सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आजच्या आज तो प्लग काढून ठेव. आणि आजोबांना सांग, की हात लावू नका."

त्या दिवशी संध्याकाळी ते परवानाधारक वायरमनला घेऊन घरी आले. मेगर लावून पाहिले तेव्हा ट्रान्स्फॉर्मरच्या वेटोळ्यावरचे पंचेचाळीस वर्षांचे जुने इन्सुलेशन दमटपणाने ढिले पडलेले आढळले. वीज पेटीत झिरपत होती. मग इतके महिने काही कसे झाले नाही? कारण अँप्लिफायरची स्वतःची अर्थ कापली गेली तरी आवाजाच्या वायरीचे कवच त्याला संगणकाच्या अर्थशी जोडून होते. केसांएवढ्या बारीक तारांचे ते कवच नकळत पहारा देत होते. मी ती वायर काढली आणि पेटी निराधार झाली. आजोबांचा हात हीच मग जमिनीकडे जाणारी एकमेव वाट उरली.

माणसाला सुमारे १ मिलिअँपियर प्रवाह झिणझिण्यांच्या रूपात जाणवू लागतो. घरात बसवायच्या आर.सी.सी.बी. या सुरक्षा-स्विचला ३० मिलिअँपियरच्या गळतीवर वीज तोडण्यासाठी बनवतात, कारण त्याहून अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदय बंद पडण्याचा धोका असतो. झिणझिण्या आणि मृत्यू यांत अंतर तीसपटीचे, आणि ओली फरशी, दमट हात, थोडे आणखी ढिले इन्सुलेशन एवढ्याने ते ओलांडले जाते. अर्थ जागेवर असेल तर पेटीत उतरलेला जोरकस प्रवाह तारेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर फ्यूज शांत राहतो आणि पेटी २३० व्होल्टवर उभी राहते. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर तर हा धोका आणखी मोठा. तेथे तीच पेटी वायरीच्या कवचाद्वारे गाणाऱ्याच्या हातातल्या मायक्रोफोनला जोडलेली असते.

म्हणून या लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, पण एवढे ध्यानात ठेवावे : घुमणे घालवण्यासाठी विजेच्या प्लगची अर्थ कधीही काढू नये. ज्या यंत्रांना मुळातच दोन पिनांचा प्लग असतो आणि ज्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्यांचे इन्सुलेशन दुहेरी असते. ती गोष्ट वेगळी. तीन पिनांचे यंत्र दोन पिनांवर चालवणे म्हणजे जिन्याचा कठडा काढून वाट रुंद करणे होय.

तपासणीचा क्रम

मग वेढा तोडायचा कसा? जेथून गाणे जाते तेथे. सरांनी आम्हाला जो क्रम शिकवला तो येथे देतो. यासाठी पेटी उघडावी लागत नाही. आणि उघडायची झाल्यास जाणकाराकडूनच उघडावी, कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ साठून राहते.

प्रथम व्होल्यूम शून्यावर आणावा. तरीही घुमणे तेवढेच राहिले, तर दोष व्होल्यूमच्या बटणाच्या पुढे आहे, बहुधा कंडेन्सरचा. व्होल्यूमबरोबर घुमणे कमीजास्त होत असेल, तर ते बटणाच्या अलीकडून येत आहे.

दुसऱ्या खेपेस बाहेरून आलेल्या सर्व आवाजाच्या वायरी, अँप्लिफायर बंद करून, काढाव्यात आणि मग एकेक परत लावावी. जी लावल्यावर घुमणे सुरू होते ती वेढ्यातली वायर. टीव्हीची केबल जोडलेली असेल तर तिच्यावर आधी संशय घ्यावा, कारण तिचे कवच रस्त्यावरून निराळीच अर्थ घेऊन घरात येते.

तिसऱ्यांदा, एकमेकांना जोडलेली सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत. दोन अर्थमधला फरक मिटतो, वेढा आकुंचन पावतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. तरीही उरले तर आवाजाच्या वायरीत एकास एक वेटोळ्यांचा लहान ट्रान्स्फॉर्मर घालावा. त्यातून गाणे चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने पलीकडे जाते, पण दोन्ही पेट्यांमध्ये तारेचा धागा उरत नाही. दोन्ही यंत्रांची अर्थ शाबूत राहते आणि वेढाही तुटतो.

घुमण्याऐवजी कर्कश 'झर्रऽ' असा आवाज असेल तर दिव्याचा डिमर, मोबाइलचा चार्जर किंवा एखादा एल.ई.डी. दिवा बंद करून पाहावा. आणि शेवटी फक्त सळसळ उरली, तर ती गाण्याच्या नेहमीच्या पातळीला बसण्याच्या जागेवरून ऐकू येते का, एवढेच पाहावे. येत नसेल तर अँप्लिफायर निरोगी आहे असे समजून गाणे ऐकावे.

आमच्या अँप्लिफायरला नवा ट्रान्स्फॉर्मर बसला, सुकलेले कंडेन्सर बदलले, प्लगला हिरवी वायर पुन्हा लागली आणि घराच्या मुख्य फलकावर आर.सी.सी.बी. आली. संगणक दुरुस्त होऊन परत आला तेव्हा तो अँप्लिफायरच्याच बोर्डावर घेतला; थोडे घुमणे उरले होते, ते आवाजाच्या वायरीतल्या लहान ट्रान्स्फॉर्मरने गेले. तबकड्या उतरवण्याचे काम सध्या चालू आहे.

पहिल्या रात्री आजोबांनी दिवा मालवला आणि तबकडी लावण्यापूर्वी बराच वेळ नुसतेच ऐकत राहिले. मग म्हणाले, "जातं थांबलं. पण ती पानं अजून सळसळतायत."

मी म्हणालो, "आजोबा, ती नाही जात. ती उष्णतेची आहे. तारेतले इलेक्ट्रॉन हलतात त्याची."

"मग असू दे," ते म्हणाले, आणि सुई तबकडीवर ठेवली.